मावशींचा डबा: सुट्ट्या पैशांत आलेली परकी नाणी

आजचा भाग सुरू होतो दोन रुपयांवरून. खरं तर दोन रुपयांसारख्या दिसणाऱ्या एका नाण्यावरून.

झालं असं, की मी सावंतवाडीच्या एसटी स्टँडजवळ चहा प्यायलो. दहाचा चहा, वीसची नोट दिली. टपरीवरच्या मावशींनी दहा रुपये सुट्टे परत दिले. एक पाचचं, दोन दोनची, एक रुपयाचं. न बघता खिशात टाकले. आपण सगळेच तसे टाकतो. पुढं बसमध्ये तिकिटाला सुट्टे दिले, तर कंडक्टरनं त्यातलं एक नाणं दोन बोटांत धरून माझ्यासमोर केलं. "दादा, हे दुबईचं आहे. दुसरं द्या."

बघतो तर खरंच. एका बाजूला सुरई, लांब चोचीची. तिच्याखाली अरबीत काहीतरी. आणि उलटं केल्यावर इंग्रजीत सरळ, स्वच्छ अक्षरांत संयुक्त अरब अमिराती असं लिहिलेलं. म्हणजे ओळखायला काहीच अवघड नव्हतं. मी बघितलंच नव्हतं, मावशींनीही नाही, आणि त्यांना ज्यानं दिलं त्यानं बघितलं असेल तर मुद्दाम दिलं असेल.

दोन दिवसांनी परतताना पुन्हा त्याच टपरीवर गेलो. दोन रुपयांसाठी भांडायला नाही हो, मला फक्त विचारायचं होतं. मी नाणं पुढं केलं. मावशी हसल्या. "चल्लां नाय ना? हाड हय." त्यांनी ते घेतलं, मला दोन रुपये दिले आणि काउंटरखालून श्रीखंडाचा एक रिकामा डबा काढला. त्यात हे नाणं टाकलं. खळ्ळ असा आवाज आला, म्हणजे आत आणखी होती. मी विचारलं, "मावशी, ही सगळी अशीच आलेली?" तर होय. काही वर्षांत जमलेली. गर्दीच्या वेळी चुकून घेतलेली, आणि एकदा लक्षात आलं की बाजूला काढलेली. माझ्याकडं आलेलं तेवढं निसटलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला का देऊन टाकत नाही? त्या म्हणाल्या, "माका कोणी घातल्यानी म्हणान मी दुसऱ्याक घालू?"

मी तो डबा टेबलावर ओतायची परवानगी मागितली. तेवीस नाणी. अकरा अमिरातीची, चार नेपाळची, तीन सौदीची, दोन कुवेतची, एक ओमानचं, एक थायलंडचं आणि एक असं, जे बघून मी चहा प्यायचा विसरलो. त्याच्याबद्दल शेवटी बोलू. आजचा सगळा इतिहास या डब्यातूनच काढायचाय.

आधी सुरईवालं नाणं. हा अमिरातीचा एक दिरहॅम. ती सुरई म्हणजे 'दल्ला', अरबी कॉफीची किटली. १९९५ पासूनचा हा दिरहॅम २४ मिलिमीटर रुंद आहे, आणि आपलं २०११ नंतरचं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर. एका मिलिमीटरचा फरक! संध्याकाळी सहाच्या गर्दीत, ओल्या हातानं, पिवळ्या बल्बखाली कुणाला कळणार? रंगही साधारण तोच, पांढरा. पण एक सोपी युक्ती आहे. तुमच्या इअरबडच्या डबीच्या झाकणात चुंबक असतं ना, त्याला आपलं दोन रुपयांचं नाणं चिकटतं, कारण ते स्टेनलेस स्टीलचं आहे. जुना दिरहॅम तांबं आणि निकेलचा, तो चिकटत नाही. सगळ्या वर्षांच्या दिरहॅमवर ही युक्ती चालेल असं समजू नका, धातू बदलत राहतात. पण मावशींच्या डब्यातल्या अकराच्या अकरा नाण्यांवर चालली.

गंमत म्हणजे एका दिरहॅमचे आज वीस रुपयांच्या वर होतात. म्हणजे ज्यानं तो दोन रुपये म्हणून खपवला, त्यानं स्वतःचंच नुकसान केलं. मग मावशींचा फायदा झाला का? नाही. कारण परकी चलन बदलून देणारे लोक नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. नाणी जड, मोजायची कटकट, परत त्या देशात पाठवायचा खर्च. त्यामुळे शारजात वीस रुपयांच्या वर किंमत असलेलं ते नाणं सावंतवाडीत शून्य रुपयांचं. हा शून्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दिरहॅमवर सालं दोन असतात. एक १९९८, दुसरं १४१९. ही दोन्ही अरबी आकड्यांत लिहिलेली. माझ्या मित्राला फोटो पाठवला तर त्यानं कुठल्यातरी ॲपला विचारून उत्तर दिलं, "चौदाशे एकोणीस सालचं आहे, विक, करोडपती होशील." बाबा रे, ते हिजरी साल आहे. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सरळ वजाबाकी करून इसवी सन मिळत नाही. कामचलाऊ हिशोब असा: हिजरी सालाला ०.९७ नं गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. १४१९ चं करून बघा, १९९८ येतं. सौदीच्या जुन्या नाण्यांवर तर फक्त हिजरीच साल असतं. डब्यातलं सौदीचं एक नाणं, दोन तलवारी आणि वर खजुराचं झाड असलेलं, त्यावर १४०८. म्हणजे १९८७-८८.

आणि ते आकडे वाचायचे कसे? मराठी माणसाला हे इतरांपेक्षा सोपं जातं. अरबीतला एक, दोन, तीन हे आपल्या १, २, ३ शी ओळख सांगतात, कारण मूळ एकच. अरब लोक या आकड्यांना आजही 'हिंदी आकडे' म्हणतात. फसवणारे आकडे दोन-तीनच. गोल दिसतो तो पाच असतो, आपल्याला तो शून्य वाटतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे उलटा व्ही. एवढं पाठ केलं की अर्ध्या पश्चिम आशियाची नाणी वाचता येतात.

सालावरून आठवलं, म्हणून थोडं वळण घेतो. नाण्यावरचं साल खोटंही असू शकतं. खोटं नाणं नव्हे हं, खऱ्या नाण्यावर खोटं साल. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० साली वारली. तिच्या नावाचं चांदीचं मोठं नाणं, थेलर, अरबस्तान आणि इथिओपियात लोकांना इतकं ओळखीचं झालं होतं, की ती गेल्यावरही तेच नाणं, तेच चित्र, तेच १७८० साल घालून पाडत राहिले. लोक दुसरं साल असलेलं नाणं घ्यायलाच तयार नव्हते. व्हिएन्नात पाडलं, लंडनमध्ये पाडलं, रोममध्ये पाडलं. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं. फोर्टमधल्या त्याच टांकसाळीत. साधारण एकोणीस दशलक्ष नाणी. म्हणजे एखाद्या ऑस्ट्रियन राणीचं १७८० सालचं नाणं कुणाच्या पेटीत सापडलं, तर ते १९४१ साली मुंबईच्या कामगारानं पाडलेलं असण्याची चांगलीच शक्यता आहे. आता ते परकं म्हणायचं की आपलं? असो, परत डब्याकडं.

ओमानचं एकच नाणं होतं. त्यावर खंजीर आणि त्यामागे दोन तलवारी. किंमत पन्नास 'बैसा'. बैसा! जरा मोठ्यानं म्हणून बघा. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पैसा'चा झाला 'बैसा'. ओमानचा रियाल आजही हजार बैशांचा आहे. बहारीनमध्ये शंभर फिल्सला लोक बोलताना 'रुबिया' म्हणतात. रुबिया म्हणजे कोण, हे सांगायला नको.

हे शब्द तिथं कसे गेले? सोपं उत्तर आहे. आखातात बराच काळ आपलाच रुपया चालत होता. ब्रिटिशांचा आखातातला कारभार एकेकाळी मुंबई सरकारकडून चालायचा. १८७३ पर्यंत तिथला ब्रिटिश रेसिडेंट मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर तो भारत सरकारकडं गेला. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात यायचे. इथून तांदूळ, कापड, मसाले, लाकूड जायचं. कुवेतच्या नाण्यांवर जे शिडाचं जहाज दिसतं, तसली जहाजं मलबारच्या सागवानातून बांधलेली असायची. मग व्यवहार कशात होणार? रुपयात. दुबईच्या बाजारात सुट्टे पैसे म्हणून आणे मिळायचे. म्हणजे आज आपण ज्याला 'दुबईचं नाणं' म्हणून परत करतो, त्या दुबईत आपलं नाणं परकं नव्हतंच.

१९४७ नंतरही हे चालू राहिलं, आणि इथं गडबड सुरू झाली. भारतात सोन्याच्या आयातीवर बंधनं होती, त्यामुळं सोनं इथं महाग, आखातात स्वस्त. मग तस्कर काय करायचे? इथून रुपये घेऊन जायचे, तिथं सोनं घ्यायचे, लाँचेसमधून कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर उतरवायचे. तिथं साठलेले रुपये आखातातल्या बँकांमार्फत फिरून रिझर्व्ह बँकेकडं यायचे आणि त्यांच्या बदल्यात भारताला पौंड मोजावे लागायचे. म्हणजे सोन्याची तस्करी होत होती आणि तिचं बिल आपली तिजोरी भरत होती. ऐंशीच्या दशकातल्या हिंदी सिनेमातली स्मगलरची सगळी दृश्यं आठवा, त्यामागं हे गणित होतं.

यावर उपाय म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. वेगळा रंग, क्रमांकाच्या आधी 'झेड' हे अक्षर. त्या नोटा फक्त तिकडं चालणार, इथं नाही. किंमत मात्र इथल्या रुपयाएवढीच. याला 'गल्फ रुपी' म्हणतात, आणि नोटा जमवणारे लोक त्यासाठी आज भरपूर पैसे मोजतात. पण त्या वेळी तिथल्या दुकानदारासाठी ती फक्त रोजची नोट होती.

आणि मग ६ जून १९६६. भारत सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं. आदल्या दिवशी एका डॉलरला ४.७६ रुपये, त्या दिवसापासून ७.५० रुपये. गल्फ रुपी आपल्या रुपयाला बांधलेला, म्हणून तोही पडला. डॉलरच्या हिशोबात एका झटक्यात साधारण साडेछत्तीस टक्के किंमत गेली. विचार करा. तुम्ही दोहात किंवा दुबईत दुकान चालवता. तुमचा भारताच्या आयात-निर्यातीशी, दुष्काळाशी, पंचवार्षिक योजनेशी काही संबंध नाही. तुमच्या पेटीत हजार रुपये आहेत. दिल्लीत कुणीतरी सही केली आणि परदेशी माल घ्यायच्या हिशोबात ते सहाशे पस्तीसच्या किमतीचे उरले. तेच तिथं राबणाऱ्या आपल्या माणसाचं.

कुवेत आधीच, १९६१ मध्ये स्वतःच्या दिनारवर गेला होता, बहारीन १९६५ मध्ये. बहारीननं दहा रुपयांचा एक दिनार धरला, म्हणून तर शंभर फिल्स म्हणजे बरोबर एक रुबिया. बाकीच्यांनी १९६६ च्या धक्क्यानंतर रुपया सोडला. कतार आणि दुबईनं मिळून स्वतःचा रियाल काढला, आणि त्याचा भाव धरला तो अवमूल्यनाच्या आधीच्या रुपयाचा. अबू धाबीनं बहारीनचा दिनार वापरला. ओमानमध्ये रुपया १९७० पर्यंत टिकला. आणि १९ मे १९७३ ला अमिरातीचा दिरहॅम आला. मावशींच्या डब्यातल्या त्या किटलीवाल्या नाण्याची ही जन्मकथा. आपल्या रुपयावरचा विश्वास उडाला, म्हणून ते जन्माला आलं. मला हे वाचल्यावर जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दुकानदाराच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता तो शून्य आठवतोय का? एखादं नाणं एका ठिकाणी वीस रुपयांचं आणि दुसऱ्या ठिकाणी शून्याचं, हा जो मधला फरक आहे ना, त्याला मराठीत फार जुना शब्द आहे. बट्टा.

पेशवाईत आणि नंतरही बराच काळ 'रुपया' नावाचं एकच नाणं नव्हतं. पुण्याकडं अंकुशी रुपया, त्यावर अंकुशाची खूण. चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी. निजामाकडचा हाली सिक्का. सुरतेचा वेगळा, अर्काटचा वेगळा. प्रत्येकाचं वजन थोडं वेगळं, चांदी थोडी कमी-जास्त, आणि जुना झाला की झिजून आणखी कमी. सारा भरायचा तर सरकारला जो रुपया हवा तोच द्यावा लागे. तुमच्याकडं दुसरा असेल तर जायचं सराफाकडं. तो नाणं वाजवून बघणार, खणखणीत वाजतं की बद्द, तोलणार, आणि बट्टा कापून बदलून देणार. गावात हे काम पोतदाराचं. पोतदार आडनावाचे आपले सगळे मित्र, तुमच्या पूर्वजांपैकी कुणीतरी लोकांची नाणी पारखत बसलेला असणार! आणि बँकेत आपण चेक 'वटवतो' ना, तो शब्द याच घराण्यातला. वटाव, वटणावळ, वटवणे.

म्हणजे परकं नाणं ओळखायला त्या काळी परदेशात जावं लागत नव्हतं. नाशिकचं नाणं घेऊन साताऱ्याला गेलात तरी बट्टा लागायचा. आणि तो कुणाच्या खिशातून जायचा? ज्याला घाई आहे त्याच्या. ज्याला उद्या सारा भरायचाय, ज्याला तोलायला काटा नाही, कुठल्या रुपयाला आज काय भाव आहे ते माहीत नाही, त्याच्या. सराफाला सगळे भाव तोंडपाठ. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३५ साली कायदा करून सगळीकडं एकाच वजनाचा रुपया आणला, १८० ग्रेनचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. कंपनीनं हे काही लोकांवर उपकार म्हणून केलं नाही, तिलाच इतक्या रुपयांचा हिशोब ठेवणं जड जात होतं. पण त्यानंतर हळूहळू रोजच्या व्यवहारातला हा बट्टा कमी होत गेला. हळूहळूच. गावाकडं शिवरायांच्या काळापासून चालत आलेली तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकातही बाजारात दिसत होतीच.

डब्यातल्या नेपाळी नाण्यांबद्दल फार बोलत नाही, पण ती सगळ्यात जास्त फसवतात, कारण ती आपल्याच लिपीत असतात. देवनागरी अक्षरं, देवनागरी आकडे, 'रुपैयाँ' आणि 'नेपाल' दिसतं, आणि डोळा पुढं सरकतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या आंब्याच्या बागांमध्ये राखणीला, कामाला नेपाळी माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळं ही नाणी इथं येणं साहजिकच. ओळखायची खूण साल. त्यावर विक्रम संवत असतं. २०६४ लिहिलेलं दिसलं तर ते भविष्यातून आलेलं नाही, ५७ वजा करा, २००७. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. म्हणजे रुपया म्हणून नेपाळी रुपया घेतला तर कागदावर तोटा अडतीस पैशांचा. मावशींना मात्र पूर्ण रुपयाचा, कारण बदलून कोण देणार?

थायलंडचं नाणं दहा बाथचं, दोन रंगांचं. ते दहा रुपये म्हणून आलं होतं. इथं एक कायमची खूण सांगतो: आपलं दहाचं नाणं बाहेर पिवळं आणि आत पांढरं. दहा बाथ बरोबर उलटं, बाहेर पांढरं आणि आत पिवळं. साल बौद्ध वर्षात, ५४३ वजा करायचे. हे दहा बाथचं नाणं आकारानं, वजनानं दोन युरोच्या नाण्याच्या इतकं जवळ जातं, की युरोपातही ते दोन युरो म्हणून खपवायचे प्रकार होतात. तेव्हा फसलात तर वाईट वाटून घेऊ नका, जर्मन लोकही फसतात.

दहाच्या नाण्यावरून एक राहवत नाही म्हणून. मध्यंतरी कितीतरी ठिकाणी दुकानदार, रिक्षावाले आपलंच दहाचं नाणं घ्यायला नाही म्हणत होते, आठवतंय? "हे चालत नाही, बंद झालंय." एका नाण्यावर रुपयाचं चिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही, एकावर रेषा दहा, एकावर पंधरा, म्हणून एक खरं आणि एक खोटं अशी अफवा. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, की दहाच्या नाण्याच्या चौदा वेगवेगळ्या नक्षा आहेत आणि चौदाही चालतात. आपल्याच देशाच्या टांकसाळीतलं नाणं आपल्याच बाजारात परकं! आणि तेव्हाही ज्या भाजीवालीकडं त्या नाण्यांचा ढीग साठला होता, तिलाच घाऊक बाजारात कुणी घेत नव्हतं.

आता ते शेवटचं नाणं. पांढऱ्या धातूचं, झिजलेलं, एका बाजूला ढाल आणि क्रूस. अक्षरं रोमन. त्यात 'इंडिया' हा शब्द स्पष्ट वाचता येतो, म्हणून पहिल्यांदा मला ब्रिटिशांच्या काळातलं वाटलं. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. हे तिरकं धरणं महत्त्वाचं आहे बरं का. झिजलेल्या नाण्यावर समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, बाजूनं टाकला की अक्षरांची सावली पडते. वाचलं: 'एस्तादो दा इंडिया'. आणि किंमत: ६० सेंताव्हो. साल १९५९.

पोर्तुगीज गोवा! सावंतवाडीहून गोव्याची हद्द जवळ, त्यामुळं हे नाणं इथं येणं नवलाचं नाही. नवल त्या आकड्याचं. साठ सेंताव्हो? पन्नास का नाही? या मालिकेतली नाणी बघा: दहा, तीस, साठ सेंताव्हो, मग एक, तीन आणि सहा एस्कुदो. कुठल्या देशात सहाचं नाणं असतं?

उत्तर आपल्या रुपयात आहे. पोर्तुगिजांनी गोव्यात आधी 'रुपिया'च चालवला होता. १८७८ मध्ये त्यांचा ब्रिटिशांशी करार झाला आणि १८८१ पासून पोर्तुगालच्या राजाचं चित्र असलेला रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा पाडला गेला. चित्र लिस्बनच्या राजाचं, वजन कलकत्त्याचं. करणार काय, गोव्याचा बाजार घाटावरच्या आणि मुंबईच्या मालावर चालायचा. पुढं १९५८ मध्ये त्यांनी रुपिया बंद करून पोर्तुगालसारखा एस्कुदो आणला. दिल्लीशी वाद पेटलेला होता, हा आमचा प्रांत आहे, भारताचा भाग नाही, हे दाखवायचं होतं. पण एका रुपियाला सहा एस्कुदो हा भाव धरला. आता गणित करा. सहा एस्कुदो म्हणजे रुपया. तीन एस्कुदो म्हणजे आठ आणे. साठ सेंताव्हो म्हणजे दहा नवे पैसे, तीस सेंताव्हो म्हणजे पाच. नाव बदललं, चिन्ह बदललं, पण पणजीच्या बाजारातल्या बाईच्या डोक्यातला हिशोब रुपयातच राहिला आणि सरकारला नाणी त्या हिशोबानं पाडावी लागली. तीन वर्षं चालली ती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मग हे नाणं परकं झालं.

मी मावशींना विचारलं, हे कुठून आलं? हे एकच नाणं गिऱ्हाइकाकडून आलेलं नव्हतं. सासऱ्यांच्या पेटीतलं. ते म्हापशाच्या बाजारात जायचे. सरकार बदललं तेव्हा त्यांच्याकडं राहून गेलेलं. "डब्यात टाकून ठेयलंय, दुसरां खय ठेवतलंय?" चालत नाही त्या नाण्यांच्या डब्यात चालत नाही ते नाणं.

मी सगळ्यांचे फोटो काढले आणि ओळखलेल्या नाण्यांची यादी मावशींना कागदावर लिहून दिली. टपरीवर चहा पीत उभा असलेला एक मुलगा हे सगळं ऐकत होता. तो पुढच्या आठवड्यात शारजाला कामावर परत जाणार होता. त्यानं अकरा दिरहॅम मोजून घेतले, मोबाइलवर त्या दिवशीचा भाव बघितला आणि मावशींना अडीचशे रुपये दिले. मावशी नको नको म्हणत होत्या, दोन-दोन रुपयांना घेतलेली आहेत, एवढे कसे घेऊ? तो म्हणाला, "मावशी, तिकडं मी यात बसचं तिकीट काढेन. तुमचेच आहेत." मग त्यांनी घेतले. सौदी, कुवेत, ओमानची नाणी कागदाच्या पुडीत वेगळी ठेवली, कुणी जाणारा येईल म्हणून. साठ सेंताव्हो मात्र पुडीत गेलं नाही. ते त्यांनी पदरानं पुसलं आणि गल्ल्यात, देवाच्या फोटोखाली ठेवलं.

तर मंडळी, तुमच्याही घरात असा एखादा डबा असणार. नाणं पाठवाल तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो काढा, टॉर्च तिरका धरा आणि शेजारी आपलं एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. घासून चकचकीत करू नका, झिजलेलं साल आणखी झिजतं. पुढच्या भागात भेटू.